प्रस्तावना : काट्यावर संपणारी शर्यत

कार्टिंगची शर्यत चेकर्ड फ्लॅगपाशी संपते, असे प्रेक्षकाला वाटते. ज्यांची मुले गाडी चालवतात त्यांना माहीत असते, की ती वजनकाट्यावर संपते. पहिला आलेला मुलगा लगेच आईवडिलांकडे धावत जाऊ शकत नाही. हेल्मेट, सूट, बूट, हातमोजे सगळे अंगावर ठेवून त्याला गाडीसकट काट्यावर यावे लागते. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही, कोणी पाण्याची बाटली पुढे करायची नाही. आकडा स्थिरावतो, तपासनीस तो कागदावर उतरवतो. गटाच्या किमान वजनापेक्षा तो अर्धा किलोने जरी कमी भरला, तरी ट्रॅकवर कमावलेला विजय निकालपत्रातून जातो. पुष्कळदा चूक मुलाची नसते. सकाळी सीटला शिसे बांधताना कोणा मोठ्या माणसाचा हिशेब चुकलेला असतो. शिक्षा मात्र मुलाला होते.

हे कठोर आहे, आणि तसेच असायला हवे. त्या काट्यामुळेच किडकिडीत अंगाचा मुलगा आणि भरल्या अंगाची मुलगी एका रांगेत उभी राहू शकतात, आणि जिंकणाऱ्याला आपण आपल्या हातांच्या जोरावर जिंकलो असे म्हणता येते. या पुस्तकाचा विषय आहे तो काटा आणि त्यामागची सारी नियमव्यवस्था : कोणी कोणत्या गटात धावायचे, कोणते इंजिन, किती वजन, कोणते टायर, आणि नाव नोंदवायला जाण्याआधी हातात काय काय हवे. या संग्रहातले लेख वाचताना माझे एक जुने मत अधिक पक्के झाले. गटांचे नियम हा या खेळाचा गाभा आहे. नियम बदलला की शर्यत बदलते, खर्च बदलतो, आणि कोणाच्या घरातले मूल हा खेळ खेळू शकेल तेही बदलते.

नव्या वाचकाने आधी गाडी समजून घ्यावी. मॉलशेजारी भाड्याने मिळणारी जाड बंपरची गाडी आणि शर्यतीची कार्ट यांत मोठे अंतर आहे. स्टीलच्या नळ्यांची चौकट, तिच्यावर फायबरची सीट, बगलेला इंजिन आणि मागे एकसंध एक्सल, एवढाच तिचा संसार. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्यांच्या कार्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १०१ ते १०७ सेंटीमीटर असते. सस्पेन्शनला बंदी, डिफरन्शियललाही बंदी. मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरत असल्यामुळे वळणावर आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले तरच गाडी नीट वळते. ते उचलण्याचे काम चौकटीचा लवचीकपणा, सीटची जागा आणि चालकाचे शरीर मिळून करतात. सीटबेल्ट नसतो, कारण गाडी उलटली तर चालकाने तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यामागचा विचार आहे. मोठ्यांच्या गटात गाडी आणि चालक मिळून किमान वजन साधारण १६० किलोच्या आसपास धरले जाते. त्यातले जवळजवळ निम्मे चालकाचे. जिथे चालकच गाडीचा अर्धा भाग आहे, तिथे चालकाबद्दलचे नियमही गाडीच्या नियमांइतकेच काटेकोर हवेत.

कोणताही गट चार खांबांवर उभा असतो : वय, वजन, इंजिन आणि टायर.

वय हा पहिला खांब. जगभरात सात-आठ वर्षांपासून मुले छोट्या गाड्यांवर सुरुवात करतात, बारा-तेराच्या सुमारास ज्युनियर गटात येतात आणि चौदा-पंधराव्या वर्षी सिनियर गटाचे दार उघडते. वय कोणत्या तारखेला मोजायचे हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी कॅलेंडर वर्ष धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येतात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक मनगटात दिसतोच.

दुसरा खांब वजनाचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला वजनगट म्हणजे काय हे सांगायला नको. तालमीत तो शब्द रोजचा आहे. पण कुस्तीत मर्यादा वरून असते, पैलवान वजन उतरवून गटात बसतो. कार्टिंगमध्ये ती खालून असते. अमुक किलोपेक्षा कमी भरायचे नाही. हलके असाल तर शिसे बांधा. ते शिसेही कसेही बांधून चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की ते घन ठोकळ्याच्या रूपात असावे, आणि किमान ६ मिलिमीटर जाडीच्या दोन बोल्टनी सीटला किंवा चौकटीला अवजाराने घट्ट कसलेले असावे. शंभर किलोमीटरच्या वेगात सुटलेला शिशाचा ठोकळा मागून येणाऱ्याच्या हेल्मेटवर आदळला तर काय होईल, याचा विचार करून लिहिलेला हा नियम आहे. किमान वजनाचा नियम हलक्या मुलाचा फायदा काढून घेतो, पण जड मुलाला तो मदत करत नाही. किमान आकडा ओलांडून दहा किलो वर गेलेल्या मुलाला ते दहा किलो प्रत्येक वळणावर ओढत न्यावे लागतात. म्हणून अनेक क्लब जास्त वजनाचा वेगळा गट ठेवतात. रोटॅक्स या इंजिन कंपनीच्या नियमांत ३२ वर्षांपुढच्यांसाठी मास्टर्स गट असतो. तिथे वयाबरोबर शरीराचाही मान राखला जातो.

तिसरा खांब इंजिन. इथे नियम करणाऱ्यांची खरी हुशारी दिसते. रोटॅक्सच्या १२५ सीसी इंजिनाचा मूळ साचा ज्युनियरला आणि सिनियरला एकच, पण सिनियरच्या एक्झॉस्टला पॉवर व्हॉल्व्ह असतो आणि ज्युनियरच्या नसतो. आणखी लहानांच्या इंजिनात वाट अरुंद करणारा रिस्ट्रिक्टर बसवतात. अमेरिकेत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या २०६ या फोर-स्ट्रोक इंजिनात कार्ब्युरेटरच्या स्लाइडचा रंग बदलला की गट बदलतो. मूल वाढते तसे इंजिन मोकळे होते, आणि बापाला दरवर्षी नवे इंजिन घ्यावे लागत नाही.

चौथा खांब टायरचा. बहुतेक गटांत एकच कंपनी, एकच रबर, आणि एका शर्यतीसाठी ठरावीक संच. टायरवरच्या बारकोडची नोंद होते, म्हणजे सकाळी नोंदवलेला टायर दुपारी बदलता येत नाही. रसायन चोपडून टायर मऊ करण्याची चोरवाट जुनी आहे. अमेरिकेतल्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर अनेक ठिकाणी तिला परवानगी आहे, डांबरी ट्रॅकवर मात्र बहुतेक ठिकाणी बंदी. आणि ती पकडायला तपासनीस टायरभोवतीची वाफ मोजणारे यंत्र वापरतात.

हे सगळे कुठून आले? १९५६ साली कॅलिफोर्नियात कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्सने लू बोरेली या मित्राच्या मदतीने नळ्या जोडून एक चौकट केली आणि तिच्यावर गवत कापायच्या यंत्राचे वेस्ट बेंड इंजिन चढवले. पासाडेना येथील रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ती गाडी फिरू लागली. बघणाऱ्यांना ती हवीशी वाटली, लोकांनी आपापल्या घरी तशाच गाड्या जोडल्या, आणि १९५७ मध्ये गो कार्ट क्लब ऑफ अमेरिका उभा राहिला. तोच पुढे इंटरनॅशनल कार्ट फेडरेशन झाला. गाडी जन्मल्यावर वर्ष-दीड वर्षात नियम करणारी संस्था हवीशी झाली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कोणी दोन इंजिने लावत होते, कोणी करवतीचे इंजिन. एकमेकांशी शर्यत लावायची तर आधी कोणाची गाडी कोणाच्या तोडीची हे ठरवणे भाग होते.

खेळ युरोपात गेला आणि १९६२ मध्ये एफआयए या मोटारस्पोर्टच्या जागतिक संस्थेने कार्टिंगसाठी स्वतंत्र आयोग नेमला. १९६४ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती इटलीच्या ग्विडो सालाने जिंकली. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, सुझाना रागानेली या इटालियन तरुणीने जगज्जेतेपद मिळवले. या खेळात मुलींसाठी वेगळा गट करावा लागला नाही; काटा आणि इंजिन समान ठेवले की पुरे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढची चार दशके १०० सीसीच्या क्लचविना धावणाऱ्या इंजिनांची. गाडी ढकलत पळायचे आणि इंजिन पकडले की उडी मारून बसायचे. याच काळात आयर्टन सेना १९७९ आणि १९८० अशी दोन वर्षे ओळीने जागतिक स्पर्धेत दुसरा आला. फॉर्म्युला वनची तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या या चालकाला कार्टिंगचे जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही.

२००७ च्या सुमारास १०० सीसी इंजिने बाजूला सारून १२५ सीसीची केएफ मालिका आणली गेली. बटण दाबून सुरू होणारे इंजिन, क्लच, आरपीएमवर मर्यादा, सगळे सोयीसाठी. पण प्रत्येक सोयीने वजन वाढवले, सुटे भाग वाढवले, बिघाड वाढले आणि बिल वाढले. शेवटी २०१६ मध्ये ती मालिका मागे पडली आणि ओके ही साधी, पुन्हा क्लच व स्टार्टर नसलेली मालिका आली. सिनियरला १६,००० आणि ज्युनियरला १४,००० आरपीएमची मर्यादा ठेवून. नियम करणाऱ्या प्रत्येकाने हा दहा वर्षांचा प्रवास अभ्यासावा. सोयीचा नियम स्वस्त असतोच असे नाही.

आज जगात नियमांची ढोबळ चार घराणी दिसतात, आणि पुस्तकाची मांडणीही त्यांनाच धरून आहे.

पहिले घराणे मोकळ्या इंजिनाचे. ओके आणि सहा गिअरचा केझेड हे त्याचे मोठे गट. मान्यताप्राप्त इंजिन घ्या आणि नियमांच्या चौकटीत राहून ट्यूनरकडून हवे तसे घडवून घ्या. अभियांत्रिकीची खरी झुंज इथे असते, खर्चाचीही.

दुसरे घराणे सीलबंद इंजिनाचे. १९९७ मध्ये ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने आणलेल्या मॅक्स इंजिनाने ते जगभर नेले. इटलीच्या आयामेचे एक्स-३० आणि अमेरिकेतले ब्रिग्ज २०६ याच वाटेवरचे. अधिकृत केंद्राने इंजिन सील करायचे, सीलचा क्रमांक इंजिनाच्या वहीत लिहायचा, आणि तपासणीच्या वेळी दोन्ही जुळायला हवेत. तरीही तपासनीस नुसत्या सीलवर विसंबत नाही. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून तो कथिलाची मऊ तार आत घालतो आणि इंजिन हाताने फिरवतो. पिस्टन वर येऊन ती तार सिलिंडरच्या डोक्याशी दाबतो. मग बाहेर काढून चपट्या झालेल्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजायची. साधारण एक मिलिमीटरच्या आसपासची ही फट नियमापेक्षा कमी निघाली, तर कोणीतरी जास्त ताकदीसाठी इंजिनाचे पोट आवळले आहे हे उघड होते. चिमूटभर कथिलाने होणारी ही परीक्षा कोणत्याही छोट्या क्लबला परवडते. या घराण्यालाही उणिवा आहेत. पैसेवाला दहा सीलबंद इंजिने घेतो, ताकद मोजणाऱ्या डायनोवर लावून त्यातले सर्वांत तगडे ठेवतो. त्यावर उपाय म्हणून रोटॅक्सच्या जागतिक अंतिम स्पर्धेत गाड्या आणि इंजिने आयोजकच चिठ्ठ्या टाकून वाटतात. एफआयएच्या अकॅडमी ट्रॉफीतही सर्वांना सारखे साहित्य मिळते. २०११ मध्ये ती जिंकणारा मुलगा म्हणजे पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला शार्ल लक्लेर.

तिसरे घराणे अमेरिकेतल्या गावोगावच्या ट्रॅकवरचे, आणि मला ते फार आवडते. काही गटांत असा नियम असतो, की शर्यत संपल्यावर ठरलेली रक्कम देऊन प्रतिस्पर्धी तुमचे इंजिन विकत मागू शकतो आणि तुम्हाला ते द्यावेच लागते. त्या रकमेच्या तिप्पट खर्च करून इंजिन घडवायला मग कोण धजेल? तपासनिसाचे निम्मे काम हा एक नियम करतो.

चौथे घराणे भाड्याच्या गाड्यांचे. गाडी आयोजकाची, चालकाने फक्त यायचे. गाड्या चिठ्ठीने आणि वजन सीटजवळच्या पेटीतल्या ठोकळ्यांनी जुळवायचे. फ्रान्सच्या सोडी कंपनीने याच पायावर जागतिक मालिका चालवली आहे. ज्याच्याकडे गाडी, गॅरेज, मेकॅनिक यांपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी या खेळाचे हेच एकमेव दार आहे.

भारतात मोटारस्पोर्टचे नियमन करणारी एफएमएससीआय १९७१ पासून आहे, आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा तिच्या परवान्याखाली होतात. जेके टायरच्या पाठबळाने रोटॅक्स मॅक्सची राष्ट्रीय मालिका वर्षानुवर्षे चालली. मायक्रो, ज्युनियर, सिनियर ही गटांची नावे आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी बसली ती तिच्यामुळे. महाराष्ट्राचा या नकाशावरचा ठिपका ठळक आहे. कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या शोधमोहिमेत निवडला गेला तो कार्टिंगमधूनच, आणि पुढे फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचून त्याने तिथे शर्यती जिंकल्या. शिवाय दरवर्षी राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः वेल्डिंग करून कार्ट बांधतात आणि स्पर्धांना नेतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना नियमपुस्तिका पहिल्यांदा भेटते ती गाडी तपासणीत नापास झाल्यावर.

आता प्रवेशाच्या अटींकडे. परवाना, जन्मतारखेचा पुरावा, अल्पवयीनांसाठी पालकांची लेखी संमती, वैद्यकीय प्रमाणपत्र, रक्तगट, चॅसी व इंजिनाचे क्रमांक : अर्जाचा हा कागद कंटाळवाणा दिसतो, पण प्रत्येक रकाना अनुभवातून आलेला आहे. लहान मुलांसाठी हलके हेल्मेट वेगळ्या मानकाचे असते, कारण मोठ्यांच्या हेल्मेटचे ओझे कोवळ्या मानेला पेलत नाही. बरगड्यांचे कवच हवे, कारण सीट कडक असते आणि धक्के थेट बरगड्यांवर येतात. ब्रिटनमध्ये नवख्या चालकाच्या गाडीला काळी नंबरप्लेट असते आणि सुरुवातीच्या शर्यतींत त्याने सर्वांत मागून निघायचे असते. मागून येणाऱ्या अनुभवी चालकाला ती प्लेट पाहून अंतर ठेवता येते. आपल्याकडे अशा अटींना जाच मानण्याची सवय आहे. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ, भाड्याच्या कार्टमध्ये केस अडकून तरुण स्त्रियांचे प्राण गेले. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घेणे, ओढणी-मफलर काढून ठेवणे, आणि हे तपासल्याशिवाय गाडी न सोडणे, एवढीच अट काटेकोरपणे पाळायची असते. तिला पैसे लागत नाहीत, दारात उभा असलेला माणूस ठाम लागतो.

हे पुस्तक आजच हवे होते याचे कारण साधे आहे. कार्टिंग पाहणारी पिढी आता मोठ्या शहरांबाहेरही तयार झाली आहे. भाड्याच्या ट्रॅकवर वेगाची चव घेतलेले मूल घरी येऊन विचारते, मला शर्यतीत भाग घ्यायचाय. त्या प्रश्नाला उत्तर देताना पालक गोंधळतात. कोणी विक्रेता सांगतो म्हणून ज्या गटात आपल्या भागात चार गाड्याही उतरत नाहीत, त्या गटाची गाडी घेतात; कोणी वाढत्या मुलाला वर्षभरात अपुरी पडेल अशी चौकट घेतात. पैसे जातात, मूल हिरमुसते आणि खेळ एक चालक गमावतो. आधी गट ओळखा, मग गाडी घ्या, हा सल्ला त्यांना त्यांच्या भाषेत कोणी दिलेला नसतो.

तो सल्ला कारणांसकट देण्याचा प्रयत्न या संग्रहात आहे. लेखकांनी आकड्यांची जंत्री करण्याचे टाळले आहे, आणि ते योग्यच केले. किमान वजने, वयाच्या सीमा, टायरचे प्रकार दरवर्षी बदलतात आणि त्यासाठी आयोजकाची त्या हंगामाची पुस्तिकाच पाहायला हवी. इथे प्रत्येक नियमामागचा प्रश्न समजावला आहे. तो एकदा कळला, की कोणतीही नवी पुस्तिका हातात घेऊन वाचता येते. इंजिन, क्लच, टायर, सील हे गॅरेजमध्ये बोलले जाणारे शब्द तसेच ठेवले आहेत, त्यामुळे मेकॅनिकलाही हे पुस्तक परके वाटणार नाही. काही लेखांशी माझे मतभेद आहेत. सीलबंद इंजिनाच्या घराण्याला इथे जरा झुकते माप मिळाले आहे. एकाच पुरवठादारावर सगळा खेळ टाकण्याचा धोका अधिक परखडपणे मांडायला हवा होता. पण वाद घालायला पाया लागतो, आणि तो पाया या पुस्तकाने घालून दिला आहे.

शेवटी आयोजकांना एक विनंती. गट मोजके ठेवा. पाच गाड्यांचे सहा गट करण्यापेक्षा पंधरा गाड्यांचे दोन गट केव्हाही बरे. नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करा, मराठीत करा, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. तपासणी सर्वांसमोर करा. आणि काट्यावर उभे राहिलेले मूल कोणाचे आहे, हे विचारू नका. एवढे पाळले, तर या राज्यातल्या छोट्या गावातल्या मुलालाही हा खेळ आपला वाटेल.